तलंग, नर तलंग, कॉकरेल, कोंबडा: कोवळ्या नराला नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: परसात गावरान कोंबड्या सुरू करायच्या आहेत. पशुसंवर्धन खात्याच्या कागदावर 'नर तलंगा' असं लिहिलंय. आठवडी बाजारातला विक्रेता म्हणतो, तलंग म्हणजे मादीच. हॅचरीवाला विचारतो, कॉकरेल देऊ का. आणि खानावळीच्या पाटीवर 'कोवळा गावरान कोंबडा' लिहिलेलं असतं. हे सगळे एकाच पक्ष्याचे शब्द आहेत की वेगवेगळ्या?

वेगवेगळ्या, आणि फरक पैशांचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या शब्दांत तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: पक्ष्याचं वय, तो नर आहे की मादी, आणि तो कशासाठी वाढवला आहे. 'कोंबडा' म्हटलं की नर आहे एवढं कळतं, वय कळत नाही. 'तलंग' म्हटलं की वयाची पायरी कळते, आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मादी येते. 'ब्रॉयलर' म्हटलं की हेतू कळतो, नर-मादी काहीच कळत नाही. विकणारा एक गोष्ट सांगतो, घेणारा दुसरीच ऐकतो, आणि घरी आल्यावर लक्षात येतं की पंचवीस अंड्यावरच्या माद्या म्हणून आणलेल्यांतले दहा आरवायला लागलेत.

आधी आपली घरची शब्दांची साखळी बघू. अंड्यातून बाहेर पडतं ते पिल्लू. ते नपुंसकलिंगी, कारण त्या वयात नर-मादी डोळ्यांना कळतच नाही. मग गाईगुरांत जसं वासरानंतर गोऱ्हा आणि कालवड असे दोन रस्ते फुटतात, पुढे गोऱ्ह्याचा खोंड आणि खोंडाचा बैल किंवा वळू होतो, तसं कोंबड्यांत व्हायला हवं होतं. पण मादीच्या बाजूलाच ते झालं. पिल्लू, मग तलंग, मग कोंबडी. तलंग म्हणजे अंगानं भरत आलेली, अजून अंड्यावर न आलेली मादी. नराच्या बाजूला पिल्लू आणि मग एकदम कोंबडा. मधली पायरी बोलीत रिकामीच राहिली.

याचं कारण मला तरी परसातल्या हिशेबात दिसतं. तलंग राखायची असते. ती कधी अंड्यावर येते, पहिलं अंडं कुठे घालते, कधी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसते, याच्याकडे घरातल्या बाईचं बारीक लक्ष असतं, कारण मिठामिरचीचे पैसे त्यातून सुटतात. नर पिल्लांचं तसं नाही. दहा-बारा नरांतला एक वंशासाठी राहतो, बाकीचे तीन-चार महिन्यांचे होता होता पाहुण्याच्या ताटात, बाजारात, नाहीतर कोकणात राखणीला, म्हणजे राखणदार देवाच्या मानासाठी, जातात. जो जनावर म्हणून वर्षभर डोळ्यांसमोर राहतच नाही, त्याच्या मधल्या वयाला वेगळं नाव देण्याची गरज पडली नाही. राहिला तो कोंबडा, आणि तो आधीच कोंबडा होता.

तरी बोलायची वेळ येतेच, तेव्हा लोक आपापल्या परीनं ती जागा भरतात. कोणी 'नर तलंग' म्हणतो, कोणी 'तरणा कोंबडा', खाणारा 'कोवळा कोंबडा' म्हणतो. असील ही झुंजीची जात पाळणाऱ्या शौकिनांत 'पठ्ठा' आणि 'पठ्ठी' हे शब्द चालतात. तालमीतल्या वस्तादाचा जो पठ्ठा, तोच हा शब्द: अंगानं तयार होत असलेला, अजून मैदानात न उतरलेला. कोवळ्या नरासाठी इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही, पण तो असीलच्या वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही. (झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे इथेच सांगून ठेवतो. शब्द घ्या, झुंज घेऊ नका.)

आणखी एक शब्द आहे तो 'कोंबडं'. मराठीत मुलगा, मुलगी, मूल तसं कोंबडा, कोंबडी, कोंबडं. नर की मादी हे सांगायचं नसतं किंवा त्यानं फरक पडत नसतो तेव्हा कोंबडं. 'दोन कोंबडी सोडली शेतात' म्हणजे एक नर एक मादीही असेल. पण 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' या म्हणीत जे झाकलंय ते आरवणारं आहे, म्हणजे नरच, आणि तरी म्हण त्याला कोंबडं म्हणते. तेव्हा बाजारात कोणी 'शंभर कोंबडं आहे' म्हणाला तर त्यात नर किती आणि माद्या किती, हे तुम्हालाच विचारावं लागेल.

आता सरकारी कागद. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत तलंगांचा गट देतात: आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या आणि ३ नर. कागदावर 'तलंगा' असतं ते 'तलंग'चं अनेकवचन, जिभेचं जिभा तसं. पण बोलताना 'तलंगा' हे कोंबडा, रेडा यांच्यासारखं पुल्लिंगी वाटतं, आणि काही विक्रेते खरोखरच नराला 'एक तलंगा' आणि मादीला 'एक तलंग' म्हणतात. तुमच्या गावात ते चालत असेल तर चुकीचं म्हणणार नाही, कारण कोवळ्या नराला स्वतःचं नाव मिळतंय. फक्त खात्याच्या कागदावर तो शब्द वयाचा आहे, लिंगाचा नाही. तिथे तलंग म्हणजे ब्रूडरखालून (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखालून) निघालेला, पिसं भरलेला, अजून वयात न आलेला पक्षी, नर असो की मादी. म्हणूनच त्यांना 'नर' हा शब्द पुढे लावावा लागतो. बाजारातला विक्रेता जुन्या घरगुती अर्थानं बोलतोय, कागद खात्याच्या अर्थानं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. २५ ला ३ हे प्रमाणही उगाच नाही. गावरान कळपात आठ ते दहा माद्यांमागे एक नर असला की अंडी नीट फळतात.

शब्द झाले. पण शब्दावर विसंबून खरेदी करता येत नाही, पक्षी हातात धरावा लागतो. इथे मी जरा थांबतो, कारण नवख्यांचे पैसे इथेच जातात.

एक दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखणं हे घरच्या माणसाचं काम नाही. गुदद्वाराच्या आत दाबून अगदी बारीक उंचवटा बघायचा, ही पद्धत जपानमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली गेली, आणि ती करणारे लोक वर्षानुवर्षं तेवढंच काम करून तयार होतात. चुकीच्या हातानं दाबलं तर पिल्लू मरतं. दुसरी पद्धत पंखाच्या पिसांची. काही संकरांत मादी पिल्लाची मोठी पिसं वरच्या आच्छादन-पिसांपेक्षा ठळकपणे लांब असतात आणि नराची तेवढीच किंवा आखूड असतात. तिसरी रंगाची: काही तपकिरी अंड्यांच्या संकरांत नर पिवळट-पांढरा आणि मादी तपकिरी निघते. या दोन्ही पद्धती त्या-त्या संकरासाठी मुद्दाम जुळवलेल्या असतात. तुमच्या खुराड्यातल्या गावरान कोंबडीच्या पिल्लांना त्या लावल्या तर उत्तर चुकणारच.

टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, असं अजूनही सर्रास सांगतात. तसं नसतं. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हे कोंबडीच्या बीजावर ठरतं, आणि ते कवच चढायच्या कितीतरी आधी. कवचाचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेचा असतो, पिल्लाचा त्यात काही हात नाही.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून डोळ्यांना दिसायला लागतं. आधी तुरा बघा. नराचा तुरा उंच होतो आणि गुलाबी-लाल दिसायला लागतो, मादीचा तेव्हा पिवळसर आणि बसका असतो. गळ्याखालची लोंबती कातडी, म्हणजे गलोल, नरात आधी उतरते. पाय जाड, उभं राहणं ताठ. या वयात रोड आयलंड रेड या तांबड्या जातीच्या घोळक्यात दुरूनही नर वेगळे निवडता येतात.

पण हे सगळीकडे चालत नाही. कडकनाथात तुराच काळा-जांभळा. तिथे लाली शोधत बसलात तर काही मिळणार नाही, फक्त तुऱ्याची उंची आणि पायाची जाडी बघायची. (झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मागणी वाढली आणि 'जोडी' म्हणून दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या गळ्यात मारण्याचे प्रकारही ऐकू येतात.) असीलात नराचा तुराही लहान आणि डोक्याला चिकटलेला. तिथे मान आणि छातीची ठेवण बघायची.

खात्रीची खूण पिसांची आहे आणि ती दहा-बारा आठवड्यांनंतर मिळते. पक्षी काखेत धरा, डोकं मागे करून पाठीचं शेवटचं टोक, म्हणजे शेपटीच्या आधीची जागा, उजेडात आणा. तिथली पिसं बोटांनी उलटी फिरवा. मादीची पिसं टोकाला गोल असतात. नराची लांबट, निमुळती, टोकाला अणकुचीदार असतात आणि उजेडात चमकतात. मानेवरची पिसंही तशीच, पण नग्नमान जातीत मानेवर पिसंच नसतात, म्हणून पाठीची जागा बघायची सवय ठेवा. पिसं पूर्ण वाढायच्या आधी त्यांच्या बुडाशी निळसर कोंब दिसतात. एखादं अणकुचीदार पीस अशा कोंबातून बाहेर येत असेल तर तो नर तलंग, दुसरा विचार नको.

आरवण्यावर फार विसंबू नका. कोवळा नर दोन-अडीच महिन्यांपासून फाटक्या आवाजात प्रयत्न करतो, पूर्ण बांग चार-पाच महिन्यांत येते. पण त्याच कळपात मोठा कोंबडा असेल तर तो गप्प राहतो. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की पहाटे आधी कळपातला सर्वांत वरचढ नर आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून, वरपासून खालच्या क्रमानं. गावातली बाई हे न वाचताही सांगते: थोरला विकला की धाकटा बोलायला लागतो. म्हणून 'अजून आरवला नाही, म्हणजे तलंग असेल' हा निष्कर्ष काढू नका.

उलटही होतं. क्वचित एखादी जून कोंबडी आरवायला लागते, तिला तुरा चढतो, पायाला काटे फुटतात. लोक अपशकुन मानून तिची मान मुरगळतात. कोंबडीत सहसा डावं एकच अंडाशय काम करतं. ते आजारानं किंवा गाठीनं निकामी झालं की मादीचं संप्रेरक कमी पडतं आणि नराची लक्षणं वर येतात. बिचारी आजारी असते, अपशकुनी नव्हे.

मादीच्या बाजूला तलंग आणि कोंबडी यांतला फरकही हातानंच कळतो. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कंबरेच्या हाडांची टोकं लागतात. त्यांच्यात एक बोट जेमतेम मावत असेल तर ती तलंग. दोन ते तीन बोटं मावत असतील आणि गुदद्वार ओलसर, लांबट असेल तर ती अंड्यावर आहे. लेयर, म्हणजे अंड्यांसाठीचा संकर अठरा ते वीस आठवड्यांत अंड्यावर येतो, गावरान तलंगेला सहा-सात महिनेही लागतात. 'आता येईलच अंड्यावर' असं सांगून तीन महिन्यांची तलंग विकली जाते तेव्हा ही बोटं कामाला येतात.

नराच्या वयाचं आता. 'कोवळा कोंबडा' हा शब्द स्वयंपाकघराचा आहे, खुराड्याचा नाही. त्याच्या समोर उभा आहे तो 'जून' किंवा 'निबर' कोंबडा. हॉटेलात किंवा बाजारात हा शब्द ऐकलात की छातीच्या हाडाचं मागचं टोक अंगठ्यानं दाबून बघा. कोवळ्या नरात ते टोक कुर्चेचं असतं, वाकतं. वर्ष-सव्वा वर्षाच्या नरात ते हाड होऊन टणक झालेलं असतं. पायाच्या मागचा काटा बघा: चार महिन्यांच्या नराला तिथे फक्त गाठीसारखा उंचवटा असतो, जुन्याला टोकदार, वळलेला काटा. पायावरची खवलं कोवळ्यात गुळगुळीत आणि चिकटून, जुन्यात खडबडीत आणि उचललेली. काटा कापून, घासून वय लपवलेलं मी पाहिलंय, पण छातीचं हाड कोणाला मऊ करता येत नाही.

निबर कोंबडा वाईट असतो असं नाही. वय वाढतं तसे स्नायूंमधल्या संयोजी ऊतीचे धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात, म्हणून मांस चामट लागतं. मंद आचेवर भरपूर वेळ दिला तर तेच धागे विरघळून रश्शाला दाटपणा देतात. कोल्हापूरकडे अळणी रस्सा ज्या चवीसाठी काढतात ती चव कोवळ्या ब्रॉयलरला येतच नाही. फक्त निबर आहे हे ठाऊक असूनच तो घ्यावा, कोवळ्याच्या भावानं नाही.

हॅचरीवाला म्हणतो ते 'कॉकरेल' हे मात्र वेगळंच प्रकरण. इंग्रजीत कॉकरेल म्हणजे एक वर्षाच्या आतला नर. वर्ष उलटलं की तोच कॉक. कोंबड्यांच्या प्रदर्शनांत ही एक वर्षाची रेघ अधिकृत धरतात. अमेरिकेत कॉक हा शब्द असभ्य वाटू लागल्यावर लोक रूस्टर म्हणू लागले, म्हणजे रात्री दांडीवर बसणारा. मादीच्या बाजूला पुलेट म्हणजे आपली तलंग, आणि हेन म्हणजे कोंबडी. म्हणून शब्दकोशाच्या हिशेबानं कॉकरेलला 'नर तलंग' हा प्रतिशब्द बरोबर बसतो.

पण आपल्याकडच्या धंद्यात कॉकरेल म्हणजे बहुतेक वेळा अंड्यांच्या जातीचा नर, मांसासाठी वाढवलेला. लेयर हॅचरीत निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. अंडी देणाऱ्या संकराचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा भराभर भरतही नाही, म्हणून जगभर ही नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जात आली आहेत. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून यावर कायद्यानं बंदी घातली, आणि तिथे आता अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रं वापरतात. आपल्याकडे यातली काही पिल्लं स्वस्तात विकली जातात. यात्रेत रंगवलेली पिल्लं मिळतात ना, हिरवी, गुलाबी? ती बरीचशी हीच. तो प्रकार मनापासून खटकतो. ऊब नसलेल्या खोक्यात ती दोन-चार दिवसांत मरतात आणि पोराच्या हातात मेलेलं पिल्लू राहतं. लहान मुलासाठीसुद्धा घेऊ नका.

नीट वाढवला तर हा कॉकरेल चवीला ब्रॉयलरपेक्षा गावरानाच्या जवळ जातो. घट्ट मांस, कमी चरबी, लांब पाय. अडचण एवढीच की तोच पुढे 'गावरान' म्हणून विकला जातो. पांढऱ्या लेगहॉर्नचा नर पांढरा असतो म्हणून लगेच कळतो, तपकिरी अंड्यांच्या संकराचा नर फसवतो. अशा ठिकाणी विक्रेत्याला पिल्लं कुठून आणली ते विचारा. गावरान म्हणणाऱ्याकडे खुडूक कोंबडी, नाहीतर अंडी पुरवणाऱ्या घराचं नाव असतं.

ब्रॉयलर हा शब्द या सगळ्यांपासून वेगळा ठेवा. पाच ते सहा आठवड्यांत दोन ते अडीच किलोपर्यंत जाणारा तो संकर आहे, नरही असतो आणि मादीही. वयानं तो पिल्लूच. तुरा लाल व्हायच्या सुमारास तो कापला जातो. आठवड्यांचा हिशेब करून बघा: ब्रॉयलर विकायला निघतो तेव्हा त्याच दिवशी जन्मलेला गावरान नर आईच्या मागे फिरत असतो, आणि दीड किलो भरायला त्याला चार महिने किंवा जास्त लागतात. वनराजा, गिरिराजा हे सुधारित परसातले संकर यांच्यामध्ये येतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा वनराजा मांस आणि अंडी दोन्हींसाठी आहे, तिथलाच ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. ग्रामप्रियाचे नर वनराजाच्या नरांइतके भरतील अशी अपेक्षा ठेवू नका.

खच्ची कोंबडा, म्हणजे इंग्रजीतला कॅपॉन, याबद्दलही काहींना कुतूहल असतं. बोकड खच्ची करतात तसा कोंबडा का नाही? कारण त्याचे वृषण पोटाच्या आत, पाठीच्या कण्याजवळ मूत्रपिंडाच्या टोकाशी असतात. बरगड्यांमधून चीर देऊन ते काढावे लागतात. असा नर आरवत नाही, तुरा खुरटतो, मांस मऊ राहतं आणि चरबी धरतं. फ्रान्समध्ये सणाच्या जेवणासाठी तो मुद्दाम तयार करतात. आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही, आणि भूल न देता घरी कोणी करायला जाऊ नये. निव्वळ छळ होतो.

आता तुमच्या मूळ कामाकडे. विक्रेत्याशी बोलताना एकच शब्द वापरून थांबू नका. 'दहा आठवड्यांच्या, वीस माद्या, दोन नर' असं आठवडे आणि लिंग दोन्ही सांगा, आणि पावतीवर तसंच लिहून घ्या. 'तलंगा २२ नग' एवढंच लिहिलं तर नंतर भांडता येत नाही. त्याच वेळी लसींचं विचारा. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, हिची लासोटा लस पहिल्या आठवड्यात झाली का, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान द्यायची आर-टू-बी झाली का? देवीची लस झाली का? तलंग महाग असते ती याच खर्चामुळे. लस झालेली नसेल तर तुम्ही तलंगेचा भाव देऊन पिल्लाचा धोका विकत घेताय.

खाद्याच्या पोत्यावरची नावंही याच पायऱ्यांवर आहेत: चिक, ग्रोअर, लेयर. नर तलंगाला ग्रोअर द्या, लेयर मॅश नको. लेयर मॅशमध्ये कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, ग्रोअरमध्ये एक टक्क्याच्या आसपास. अंडी न देणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर त्या जास्तीच्या कॅल्शियमचा ताण येतो, युरेटचे, म्हणजे लघवीतल्या क्षारांचे, पांढरे थर जमतात आणि पक्षी खंगत जातो. हाच नियम अंड्यावर न आलेल्या तलंगेलाही. एकत्र पाळणाऱ्यांनी सगळ्यांना ग्रोअर द्यावं आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्यांना लागतो त्या स्वतः खातात.

पिल्लांपासून सुरुवात करणार असाल तर ती सरसकट असतात, धंद्यात त्याला 'स्ट्रेट रन' म्हणतात. निम्मे नर निघतील असाच हिशेब धरा. आठव्या आठवड्याला नर वेगळे निवडा, त्यांतले सगळ्यांत चपळ, सरळ पायांचे, सरळ छातीच्या हाडाचे पाच-सहा बाजूला ठेवा, बाकीचे वेगळ्या खुराड्यात वाढवा. चौदा-सोळा आठवड्यांनंतर ते आपसात भांडायला लागतात, तलंगांच्या पाठी ओरबाडतात आणि खाल्लेल्या दाण्याच्या मानानं वजन कमी चढतं. तोवर विकून टाका. आखाडात, गटारीच्या आधी भाव चांगला असतो, श्रावण लागला की कोणी विचारत नाही. म्हणून पिल्लं फाल्गुनाच्या शेवटी किंवा चैत्राच्या सुरुवातीला काढली, तर नर बरोबर आषाढात विक्रीला येतात.

बाजूला ठेवलेल्या पाच-सहांतून सोळाव्या आठवड्याला पुन्हा निवड करा आणि तुमच्या वीस माद्यांसाठी दोन राखा. एक जादा ठेवावासा वाटला तर लांबच्या नातेवाइकाकडे पाठवा आणि वर्ष-दोन वर्षांनी कोंबड्यांची अदलाबदल करा. एकाच कोंबड्याची पिल्लं पुढे त्याच्याशीच जुळत राहिली की अंडी फळणं कमी होतं आणि पिल्लं अशक्त निघतात. दोन राखलेल्यांना मात्र पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत माद्यांत सोडायची घाई करू नका. त्याआधीची अंडी उबवायला ठेवलीत तर बरीचशी वांझ निघतील, आणि खुडूक कोंबडी एकवीस दिवस फुकट बसेल.